नवं कार्ड, काळा पडदा: सहाव्या पिढीच्या मशीनवर आरएक्स ६६०० बसवतानाचं एक प्रकरण

मशीन एका फोटो स्टुडिओतलं, लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्यासाठी वापरात असलेलं. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-६५००, एच११० चिपसेटचा मदरबोर्ड (पुढे नुसता 'बोर्ड'), ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, विंडोज १० असलेली २४० जीबीची एसएसडी, गिऱ्हाइकांच्या कामाने भरलेली १ टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). आठ वर्षं ते प्रोसेसरमधल्याच इंटेल एचडी ५३० ग्राफिक्सवर चाललं. मग कलर करेक्शनसाठी एएमडी रेडिऑन आरएक्स ६६०० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड आणलं. कार्ड स्लॉटमध्ये बसलं, स्क्रू आवळला, एचडीएमआय केबल कार्डाला लावली, बटण दाबलं. फॅन फिरले, कीबोर्डचा दिवा लागला, डिस्प्ले मात्र आला नाही.

पुढच्या चार दिवसांत या मशीनवर जे उपाय झाले ते जवळपास सगळे बरोबर होते. तरीही प्रत्येक उपायानंतर पडदा काळाच राहिला आणि प्रत्येक वेळी तो उपाय 'चुकीचा' ठरवून मागे घेतला गेला. हे प्रकरण मांडण्यासारखं आहे ते याचसाठी.

पहिल्या दिवशी काय दिसलं

बटण दाबल्यावर कार्डाचे फॅन फिरत होते, पण बोर्डावरच्या छोट्या स्पीकरमधून एक लांब आणि तीन छोट्या बीप येत होत्या. बीपचे अर्थ बोर्ड बनवणाऱ्या कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे कुठलीही यादी बघून चालत नाही, त्याच बोर्डाची पुस्तिका काढावी लागते. या बोर्डाच्या पुस्तिकेत या बीपचा अर्थ होता: ग्राफिक्स कार्ड सापडत नाही. (हा स्पीकर हल्ली बऱ्याच कॅबिनेटांत नसतोच. किरकोळ किमतीला सुटा मिळतो. नसेल तर निदान करायला बसण्याआधी तो आणावा.)

कार्ड काढून केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावली की मशीन नेहमीसारखं चालू होत होतं. म्हणजे रॅम, प्रोसेसर, एसएसडी आणि विंडोज यांच्यावर शंका घ्यायचं कारण नव्हतं. तरी रिवाजाप्रमाणे रॅम काढून खोडरबराने घासल्या गेल्या, बोर्डावरचा सेल काढून पुन्हा बसवला गेला, आणि 'कार्ड डेड आहे, परत करा' असा निकाल लागला.

निकाल तपासायचा सोपा मार्ग होता आणि सुदैवाने तो अवलंबला गेला: तेच कार्ड दुसऱ्या, नव्या मशीनवर लावून पाहिलं. तिथे ते पहिल्या फटक्यात चाललं. इथून पुढे प्रश्न 'कार्ड चांगलं आहे का' हा राहिला नाही. 'या मशीनकडून कार्डाला काय मिळत नाही' हा झाला.

पहिलं कुलूप: सहा पिनांची वायर

आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि त्यावर ८ पिनांचं एक सॉकेट असतं. या एसएमपीएसमधून ग्राफिक्स कार्डासाठी ६ पिनांची एकच वायर निघत होती. ती ८ पिनांच्या सॉकेटमध्ये व्यवस्थित बसते, क्लिपही लागते, फक्त एका टोकाला दोन भोकं रिकामी राहतात. बसवणाऱ्याला वाटलं, बसली म्हणजे चालेल.

त्या दोन जादा पिनांमधून जास्तीचे १२ व्होल्ट येत नाहीत. दोन्ही ग्राउंडच्या असतात. मग त्या कशाला? त्यातली एक 'सेन्स' पिन असते. ती ग्राउंडला जोडलेली दिसली की कार्डाला कळतं की ८ पिनांची, १५० वॅटची वायर लागली आहे. ती मोकळी असली की कार्ड समजतं, समोर ६ पिनांची, ७५ वॅटची वायर आहे. काही कार्डं तरीही कमी ताकदीवर चालू होतात. या कार्डाने नकार दिला. बोर्डाला कार्ड 'सापडत नव्हतं' ते यामुळे. फॅन मात्र फिरतच होते, कारण त्यांच्यापुरती वीज स्लॉटमधूनही मिळते. फॅन फिरतोय म्हणजे कार्ड जिवंत आहे, या समजुतीवर विसंबू नये.

यावर बाजारात मिळणारी तोड म्हणजे कन्व्हर्टर वायर: साटाची (हार्ड डिस्क, एसएसडीला वीज देणारी) पिन ८ पिनांत बदलणारी, किंवा दोन मोलेक्स (जुने चार पिनांचे कनेक्टर) एकत्र करणारी. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टसाठी तीन बारीक पिना असतात, प्रत्येकी दीड ॲम्पिअरच्या. म्हणजे एकूण साडेचार ॲम्पिअर, ५४ वॅट. त्यावर कार्ड चालवलं तर मशीन चालूही होईल, आणि तासाभराच्या रेंडरिंगनंतर तोच कनेक्टर वितळलेला सापडेल. मोलेक्सची जोडी त्याहून बरी, पण दोन्ही मोलेक्स एकाच वायरीवरचे असतील तर त्या 'दोन'ला काही अर्थ नाही.

यापेक्षाही वाईट उपाय म्हणजे प्रोसेसरसाठीची ४+४ पिनांची वायर कार्डाला लावणं. दिसायला दोन्ही आठ पिनांच्या, पण प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू कार्डाच्या उलट असतात. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत ते हीच चूक होऊ नये म्हणून. जोर लावून बसवली तर थेट शॉर्ट. कार्डाची वायर ओळखायची खूण सोपी आहे: ती ६+२ अशी तुटते, प्रोसेसरची ४+४ अशी.

आता एसएमपीएसकडे. एएमडी या कार्डासाठी किमान ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते आणि स्टिकरवर ४५० लिहिलेलंच होतं. तरी तो पुरेसा नव्हता. स्टिकरवरचा मोठा आकडा सोडून १२ व्होल्टचा रकाना पाहायचा असतो. इथे त्यात १६ ॲम्पिअर लिहिले होते. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. कार्डाचे १३२ आणि प्रोसेसरचे ६५ मिळूनच १९७ होतात. हार्ड डिस्क, फॅन आणि बोर्ड अजून धरलेले नाहीत. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यात होते. आजच्या मशीनला त्यांचा फारसा उपयोग नाही.

एक बारकावा इथे सांगायला हवा. एसएमपीएस अशक्त असला तरी मशीन साधारणपणे चालू होतं, कारण सुरुवातीला कार्ड पूर्ण वीज ओढत नाही. ते बंद पडतं ते गेम किंवा रेंडर सुरू झाल्यावर. त्यामुळे 'डिस्प्लेच येत नाही' या तक्रारीत आधी वायर आणि पिना तपासाव्यात, वॅटचा हिशेब त्यानंतर. या मशीनवर दोन्ही गोष्टी सदोष होत्या. डिस्प्ले अडवत होती ती वायर.

मधला घोळ

दुसऱ्या दिवशी कुणीतरी सुचवलं की जुन्या बोर्डांवर बायोसमधलं (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधलं) सीएसएम हे सेटिंग बंद करावं लागतं; ते नेमकं काय, ते पुढे येतंच. कार्ड काढून, बोर्डाच्या एचडीएमआयवर बायोस उघडून ते बंद केलं. कार्ड लावलं, पडदा काळा, बीप त्याच. कार्ड काढलं तर आता विंडोजही सापडेना, मशीन थेट बायोसमध्येच जाऊन बसू लागलं. घाबरून सीएसएम पुन्हा चालू केलं. निष्कर्ष: 'सीएसएमचा संबंध नाही.'

तिसऱ्या दिवशी ५५० वॅटचा, ६+२ पिनांच्या वायरींचा नवा एसएमपीएस बसवला. पडदा काळाच. निष्कर्ष: 'एसएमपीएसचाही संबंध नाही, तो परत देऊन टाकू.'

दोन्ही निष्कर्ष चुकीचे. एका दाराला दोन कुलपं असतील तर पहिली किल्ली बरोबर लागूनही दार उघडत नाही. म्हणून ती किल्ली फेकून द्यायची नसते. पण लागली हे कळणार कसं? लक्षण बदललं का, ते बघून. तिसऱ्या दिवशी लक्षण बदललं होतं: एक लांब तीन छोट्या बीप थांबून एकच छोटी बीप येऊ लागली होती. पुस्तिकेनुसार तिचा अर्थ, ग्राफिक्स कार्ड सापडलं. पडद्याकडे डोळे लावून बसलेल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

मशीन खरोखर अडकलं आहे की फक्त दिसत नाही, हे तपासायच्या दोन युक्त्या इथे वापरल्या. पहिली: कीबोर्डवरचं नम लॉक दाबलं की त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत-विझत होता. दुसरी: लॅनची केबल लावून दोन मिनिटं थांबायचं आणि मोबाइलवरून राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी बघायची. यादीत या मशीनचं नाव आलं होतं. म्हणजे काळ्या पडद्यामागे विंडोज पूर्ण सुरू झालं होतं. आता 'बूट होत नाही' हे वर्णनच खोटं ठरलं. बूट होत होतं, चित्र उमटत नव्हतं.

दुसरं कुलूप: सीएसएम आणि एमबीआर

मशीन चालू होताना पडद्यावर पहिलं चित्र उमटवण्यासाठी लागणारा छोटा प्रोग्रॅम ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या चिपमध्ये असतो. तो दोन पद्धतींचा असू शकतो: जुन्या बायोसला कळणारा, किंवा यूईएफआयला (बायोसच्या नव्या पद्धतीला) कळणारा. यूईएफआयवाल्याला जीओपी म्हणतात. सीएसएम म्हणजे यूईएफआय बोर्डाने जुन्या बायोसचं घेतलेलं सोंग. ते चालू असेल आणि बोर्ड कार्डाकडे फक्त जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम मागत असेल, तर नव्या पिढीतल्या अनेक कार्डांशी त्याचं जमत नाही. मग बायोसचा लोगो दिसत नाही आणि ड्रायव्हर नसेल तर विंडोजही दिसत नाही. दुसऱ्या मशीनवर कार्ड लगेच चाललं, कारण तो बोर्ड शुद्ध यूईएफआयवर होता.

म्हणजे सीएसएम बंद करणं हाच उपाय. पण त्याने विंडोज का गायब झालं होतं? एसएसडीवरचं विंडोज जुन्या, लेगसी पद्धतीने टाकलेलं होतं आणि डिस्कची मांडणी एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीची होती. यूईएफआयला विंडोज सुरू करण्यासाठी डिस्क जीपीटी (नव्या मांडणीची) आणि तिच्यावर एक छोटं ईएफआय पार्टिशन लागतं. विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं की 'बायोस मोड' या ओळीत लेगसी की यूईएफआय ते लिहिलेलं असतं. नवं कार्ड विकत घेण्याआधी ही एक ओळ पाहून ठेवली तर चार दिवस वाचतात.

विंडोज पुन्हा टाकायची गरज नव्हती. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर डिस्क डेटासकट जीपीटी करणारी 'एमबीआर-टू-जीपीटी' ही आज्ञा सोबतच येते (टाइप करताना तीन शब्द सलग आणि 'टू'च्या जागी आकडा २). तिच्या अटी मात्र कडक आहेत. डिस्कवर प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त तीन हवीत, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल (एक्स्टेंडेडच्या पोटात पाडलेलं) पार्टिशन एकही नको. आपल्याकडे मशीन जोडताना एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडून द्यायची जुनी सवय आहे. त्यातले सीनंतरचे सगळे बहुधा लॉजिकल असतात, आणि मग ही आज्ञा तपासणीतच नापास होते. अशा वेळी डी, ई, एफचा डेटा दुसरीकडे हलवून ती पार्टिशनं पुसावी लागतात.

इथे ती वेळ आली नाही. लॉजिकल पार्टिशनं १ टीबीच्या हार्ड डिस्कवर होती, आणि बूट न होणारी डिस्क एमबीआर राहिली तरी काही बिघडत नाही. बदलायची होती फक्त एसएसडी, आणि तिच्यावर सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी आणि रिकव्हरी अशी बरोबर तीन प्रायमरी पार्टिशनं होती. तरी एक गोष्ट आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये पडताळली: 'सिस्टिम' हा शब्द कुठल्या डिस्कवरच्या पार्टिशनसमोर आहे? विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर बूटचा भाग कधी कधी हार्ड डिस्कवर जाऊन बसतो आणि विंडोज एसएसडीवर राहतं. तसं असेल तर ही आज्ञा चालत नाही. (नावांचा गोंधळ असा की बूट मॅनेजर असलेल्या पार्टिशनला विंडोज 'सिस्टिम' म्हणतं आणि विंडोजचं फोल्डर असलेल्याला 'बूट'.)

प्रत्यक्ष काम या क्रमाने झालं. कार्ड काढून बोर्डाच्या एचडीएमआयवर मशीन चालू केलं. सीचा आणि चालू कामांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला. बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) बंद असल्याची खात्री केली. चालू असेल तर आधी सस्पेंड करावा लागतो. मशीन यूपीएसवर घेतलं, कारण डिस्कची मांडणी बदलत असताना लाइट गेली तर पुढचं सांगायलाच नको. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी फक्त तपासणी केली: आज्ञेपुढे 'व्हॅलिडेट', मग डिस्कचा क्रमांक, मग चालू विंडोजमधून करण्याची परवानगी देणारा 'अलाउ-फुल-ओएस' हा पर्याय. डिस्कचा क्रमांक डिस्क मॅनेजमेंटमधूनच घ्यावा, अंदाजाने शून्य टाकू नये. तपासणी पास झाल्यावर 'व्हॅलिडेट'च्या जागी 'कन्व्हर्ट'. मिनिटाच्या आत झालं. शेवटी रिकव्हरीची नोंद अद्ययावत झाली नाही अशी एक तक्रार आली. ती नेहमीची आहे. 'रीएजंटसी' या आज्ञेने रिकव्हरी एकदा डिसेबल करून पुन्हा इनेबल केली की मिटते.

लगेच रीस्टार्ट करून बायोस उघडला, सीएसएम बंद केलं, बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' वर घेतलं. कार्ड न लावता एकदा विंडोज सुरू होऊ दिलं. ही पायरी गाळू नये, कारण पुढे काही अडलं तर डिस्कमुळे अडलं की कार्डामुळे, हे वेगळं करता यायला हवं. मग मशीन बंद, भिंतीवरचं बटण बंद, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज काढली, कार्ड बसवलं, ६+२ ची वायर क्लिक होईपर्यंत दाबली, एचडीएमआय कार्डाला. एक छोटी बीप आणि पाठोपाठ बोर्डाचा लोगो.

ड्रायव्हर टाकल्यावर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या आठ लेनवर (स्लॉटमधल्या डेटाच्या मार्गिकांवर) चालताना दिसलं. आरएक्स ६६०० मुळात आठच लेनचं कार्ड आहे, आणि सहाव्या पिढीचा प्रोसेसर ३.० च्या पुढे जात नाही. सोळा लेनच्या स्लॉटमध्ये आठ दिसतात म्हणून ते पुन्हा पुन्हा काढून बसवू नये.

दोन दिवसांनी पुन्हा काळा पडदा

दोन दिवस व्यवस्थित चाललं आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा डिस्प्ले नाही. बीप एकच, छोटी. म्हणजे कार्ड सापडत होतं, वायर ठीक होती. लक्षण 'दुसऱ्या कुलपा'चंच होतं. कार्ड काढून बायोस उघडला तर सीएसएम चालू, आणि तारीख कित्येक वर्षं मागे.

सगळा उलगडा त्या तारखेत होता. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल आठ वर्षांचा, मल्टिमीटरवर २.४ व्होल्ट. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच असतो. सेल उतरला की बायोसची सेटिंग पुसली जातात आणि बोर्ड मूळ सेटिंगवर परततो. या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये सीएसएम चालू होतं. पण मग दोन दिवस कसं टिकलं? मशीन बंद असलं तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो आणि सेलवर भार येत नाही. ते दोन दिवस रात्रीही रेंडर चालू होते. तिसऱ्या रात्री दुकान बंद करताना नेहमीप्रमाणे मेन स्विच बंद केला, आणि सेटिंग त्या मेलेल्या सेलच्या भरवशावर राहिली.

याची खूण कार्ड आणायच्या आधीपासून होती. गेले काही आठवडे सकाळी मशीन चालू केलं की घड्याळ चुकलेलं असायचं, ब्राउझर साइट सुरक्षित नसल्याचं सांगायचा आणि थोड्या वेळाने आपोआप सुधारायचं. इंटरनेट मिळाल्यावर विंडोज वेळ दुरुस्त करून घेतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आणि आता पहिल्या दिवसाकडे परत पाहा. डिस्प्ले नाही म्हणून सेल काढून बसवायचा हा आपल्या दुकानांतला सर्वमान्य पहिला उपाय. रॅमच्या किंवा चुकीच्या सेटिंगच्या तक्रारीत तो उपयोगी पडतोही. पण ज्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये सीएसएम चालू आहे, त्यावर नवं कार्ड असताना सेल काढणं म्हणजे लागलेली किल्ली स्वतःच्या हाताने फिरवून पुन्हा कुलूप लावणं.

सेल बदलला, तारीख लावली, सीएसएम पुन्हा बंद केलं, सेव्ह केलं. या वेळी कार्ड बसवण्याआधी मुद्दाम भिंतीवरचं बटण तासभर बंद ठेवून मग बायोस तपासला. तारीख-वेळ बरोबर, सीएसएम बंदच. त्यानंतर कार्ड.

कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर सेल बदलल्याची तारीख, 'सीएसएम बंद, विंडोज बूट मॅनेजर पहिला', आणि खाली एक ओळ: 'पडदा काळा झाला आणि बीप एकच असेल, तर कार्ड काढून बोर्डाच्या एचडीएमआयवर आधी तारीख बघणे.'